जुनं पाइन कातताना पृष्ठभाग लोकरीसारखा का येतो?

प्रश्न थोडक्यात असा आहे. जुन्या घराच्या छपरातून निघालेल्या पाइनच्या तुळया हाती आल्या आहेत आणि त्यातून लेथवर, म्हणजे लाकूड गरागरा फिरवून त्यावर पटाशी धरायच्या यंत्रावर, टेबलाचे चार पाय व एक वाडगा कातायचा आहे. कठीण लाकडावर याच लेथवर, याच पटाश्यांनी काम छान उतरतं. इथे मात्र पृष्ठभाग लोकरीसारखा येतो, मण्यांच्या, म्हणजे पायावरच्या गोल फुगीर कड्यांच्या, कडा ढासळतात, आणि पॉलिश पेपर मारून गुळगुळीत करायला जावं तर लाकूड नालीदार पत्र्यासारखं होतं. दोन पाय असे बिघडलेत. लाकूड कुजलंय, की पेपर चुकीचा वापरला जातोय?

लाकूड कुजलेलं असेल असं या वर्णनावरून वाटत नाही. नखाने दाबल्यावर गडद रेघ टणक लागत असेल आणि ढलपी वाकवल्यावर तिचा लगेच चुरा होत नसेल, तर ते निर्धास्त वापरा. दोष पेपरचाही नाही. धार कमी पडतेय, आणि ती कमी पडलेली पेपरने भरून काढायचा प्रयत्न होतोय. कठीण लाकूड अर्धवट धारेच्या हत्याराला सांभाळून घेतं, मऊ लाकूड घेत नाही. जुनं, वाळून ठणठणीत झालेलं मऊ लाकूड तर अजिबातच नाही.

याचं कारण लाकडाच्या घडणीत आहे. पाइन, स्प्रूस, फर, देवदार ही सूचिपर्णी झाडं. त्यांच्या लाकडाचा नव्वद टक्क्यांहून अधिक भाग एकाच प्रकारच्या लांब पोकळ पेशींचा असतो. साधारण ३ ते ४ मिलिमीटर लांब, म्हणजे रुंदपर्णी झाडांच्या तंतूंच्या तिप्पट-चौपट. झाड हंगामाच्या सुरुवातीला झपाट्याने वाढतं तेव्हा या पेशींच्या भिंती पातळ आणि पोकळी मोठी असते. हंगाम संपत येतो तशा भिंती जाड होतात, पोकळी मिटत जाते. तुळईच्या छेदावर दिसणारी फिकट पट्टी आणि तिला लागून असलेली गडद रेघ म्हणजे हेच. गडद भागाची घनता फिकट भागाच्या दुपटी-तिपटीने असते. एकाच लाकडात दोन लाकडं आहेत असं समजूनच हत्यार उचलावं.

आता लेथवर काय घडतं ते पाहा. वलयं (एक फिकट पट्टी आणि एक गडद रेघ मिळून एक वलय) २ मिलिमीटर अंतरावर आहेत आणि पाय ६० मिलिमीटर जाड आहे असं धरलं, तर एका फेऱ्यात धार साठेक वेळा मऊ पट्टीतून निघून कठीण रेघेला भिडते. मिनिटाला २००० फेरे असतील तर हे एका मिनिटात सव्वा लाखाच्या घरात जातं. धार तल्लख असेल तर दोन्ही पेशी कापल्या जातात. थोडी बसलेली असेल तर कठीण रेघ कापली जाते, पण मऊ पट्टीच्या पातळ भिंती कापल्या जाण्याआधीच दाबल्या जातात, वाकतात, मग मुळापासून उपटल्या जातात. तुम्हाला दिसणारी लोकर म्हणजे हे उपटलेले तंतू. पेशी लांब असल्यामुळे उपटताना त्या शेजारच्यांनाही सोबत नेतात. म्हणून खड्डा पडतो तो खोलच.

जुनेपणाने यात दोन गोष्टींची भर पडते. लाकूड ठिसूळ झालेलं असतं, त्यामुळे ताज्या पाइनमधला तंतू जिथे वाकून सावरतो तिथे हा तुटतो. आणि राळ. पाइनच्या ओल्या राळेतला टर्पेंटाइनचा अंश वर्षानुवर्षांत उडून जातो आणि मागे कडक, ठिसूळ राळ उरते. ती ७०-८० अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडते. पेपरच्या घर्षणाने एवढी उष्णता सहज निर्माण होते. राळ वितळून पेपरमध्ये बसते आणि मग तो पेपर कापत नाही, नुसता घासतो. जुन्या लाकडाची जमेची बाजूही सांगायला हवी. संथ वाढलेल्या झाडाच्या तुळया मिळाल्या असतील तर वलयं दाट असतात, आणि अशा दाट वलयांच्या पाइनवर नीट कापलेला पृष्ठभाग इतका सुंदर दिसतो की मला तरी त्यासाठी केलेली मेहनत कधी जड वाटली नाही.

तुकडा लेथवर चढवण्याआधी एक-दोन तास खर्च करा. छपराच्या तुळईत खिळे असतातच. दोरीला बांधलेलं जोरदार चुंबक चारही बाजूंवरून सावकाश फिरवा. डोकं तुटून आत राहिलेला खिळा चुंबकाला हुलकावणी देतो, म्हणून हातात धरायचा मेटल डिटेक्टर मिळाला तर उत्तमच. डोळ्यांनीही बरंच कळतं. लोखंड आणि लाकडातली टॅनिनसारखी द्रव्यं यांचा ओलाव्यात संयोग झाला की खिळ्याभोवती निळसर काळा डाग पसरतो, तंतूंच्या दिशेने लांबट. असा डाग दिसला आणि वर भोक दिसत नसलं, तर खिळा आत आहे असंच माना. पक्कड लागत नसेल तर खिळ्यापेक्षा जरा रुंद पोलादी नळीच्या टोकाला दाते कापून घ्या, ती ड्रिलमध्ये लावून खिळ्याभोवतीचं लाकूड कोरून काढा, आणि भोक त्याच लाकडाच्या गुल्लीने भरा.

जुना रंग असेल तर त्यात शिसं असण्याची शक्यता गृहीत धरा. असा रंग कोरडा घासू नका, लेथवर तर मुळीच उडवू नका. ओला करून खरवडा, खरवड गोळा करून वेगळी ठेवा. हिरवट झाक असलेलं, तांबं-आर्सेनिकची प्रक्रिया केलेलं लाकूड आणि डांबरासारखा उग्र वास येणारं क्रिओसोट पाजलेलं लाकूड कातायचंच नाही, जाळायचंही नाही. बाकी वेळी धुळीसाठी N95 किंवा त्याहून चांगला मास्क हवाच. पाइनच्या राळेची काहींना ॲलर्जी होते, आणि वेस्टर्न रेड सिडरच्या धुळीमुळे दमा जडतो हे तर चांगलं ठाऊक आहे.

तडे शोधणं हे मी सर्वांत महत्त्वाचं मानतो. तुळई पूर्ण झाडाची असेल तर गाभा मधोमध असतो, आणि वाळताना गाभ्यापासून बाहेरच्या एखाद्या बाजूपर्यंत तडा गेलेला असतो. गाभा पायात घेऊ नका. तुळई उभी चिरून चार भाग करा आणि गाभ्याचा भाग कापून टाका. तुकडा दोन बोटांत लटकता धरून लाकडी मोगरीने टकटक करा. निरोगी तुकडा खणखणतो, तडकलेला बद्द वाजतो. शंका असलेल्या जागी स्पिरिट लावा. सगळीकडचं स्पिरिट उडून गेलं तरी तड्याची रेघ ओली दिसत राहते. अनेक वर्षांपूर्वी मी एक वाडगा असाच घाईत चढवला होता. तडा रंगाच्या थराखाली होता. बाहेरचा आकार पूर्ण झाला, आतून पोखरताना भिंत पातळ झाली आणि अर्धा वाडगा सुटून माझ्या खांद्याजवळून गेला. मी कडेला उभा होतो म्हणून वाचलो. तेव्हापासून लेथ सुरू करताना फिरत्या तुकड्याच्या रेषेत मी कधीच उभा राहत नाही, आणि चेहऱ्यावर पूर्ण ढाल असल्याशिवाय बटण दाबत नाही.

आणखी एक. जाड तुळईचा आतला भाग बाहेरच्यापेक्षा दमट असू शकतो, आणि चिरल्यावर आतले ताण मोकळे होऊन तुकडा वाकतो. म्हणून चौकोनी तुकडे मापापेक्षा १० मिलिमीटर जाड ठेवा आणि आठवडा-दोन आठवडे हवेशीर जागी रचून मगच कातायला घ्या.

पकड. मऊ लाकडात तुकडा फिरवणारं काटेरी सेंटर ठोकून बसवलं तरी ओढ वाढली की ते जागच्या जागी फिरतं आणि टोकाला भोक पाडतं. तुकड्याच्या टोकाला करवतीने फुलीसारख्या दोन उथळ खाचा पाडा आणि सेंटरची पाती त्यात बसवा. टेलस्टॉक (तुकड्याचं दुसरं टोक दाबून धरणारा लेथचा भाग) आवळून आवळून पकड मिळवू नका, पाचरीसारखा दाब बसून लाकूड उभं फाटतं. चकमध्ये, म्हणजे लेथच्या जबड्यांत, धरायचं असेल तर पकडीची बुंधी (जबड्यांत धरायचा टोकाचा गोल भाग) मोठी घ्या, जबडे जवळजवळ पूर्ण वर्तुळात येतील त्या व्यासाची, आणि तिचा खांदा जबड्यांच्या तोंडाला चपखल टेकू द्या. जबड्यांनी मऊ पट्टी चेपली जाते, त्यामुळे काम सुरू केल्यावर पाच मिनिटांनी चक पुन्हा एकदा आवळून पाहा. जमेल तितका वेळ टेलस्टॉकचा आधार ठेवा.

आता मूळ मुद्दा, कापायचं कसं.

चौकोनाचा गोल करण्यासाठी रुंद गोल पटाशी ठीक. फक्त ती सरळ समोरून घुसवू नका. दांडा खाली, धार तुकड्याच्या वरच्या अंगाला, पटाशी जाण्याच्या दिशेला किंचित वळवलेली. आधी धारेमागचा उतार, म्हणजे बेव्हल, लाकडाला टेकवा आणि मग दांडा हळूहळू उचलत धार लाकडात येऊ द्या. (ही रुंद पटाशी वाडग्याला वापरायची नाही. तिची दांड्यात बसणारी शेपटी अरुंद असते, आडव्या तंतूंच्या धक्क्याने ती मोडू शकते.)

गोल झाल्यावर मात्र मऊ लाकडावर खरं काम तिरक्या पटाशीचं, ज्याला आपण स्क्यू म्हणतो. अनेकजण तिला घाबरून दूर ठेवतात आणि स्क्रेपरने खरवडतात. कठीण, दाट लाकडावर स्क्रेपर चालून जातो. पाइनवर तो मऊ पट्टी उपटण्याचंच काम करतो. कार्बाइडच्या सपाट टिपची तयार हत्यारंही त्याच जातीची आहेत. ती वापरायचीच असतील तर सपाट न धरता ४५ अंशांनी कलती धरा, म्हणजे निदान धार तंतूला आडवी न भिडता तिरपी सरकते.

स्क्यूचे दोन्ही उतार मिळून साधारण ४०-४५ अंशांचा कोन असतो. पाइनसाठी मी एक वेगळी स्क्यू ठेवली आहे, तिचा कोन ३० अंशांच्या आसपास. पातळ धार पेशी दाबण्याआधी कापते. ती लवकर बसतेही, हे मान्य. मी प्रत्येक पायाच्या शेवटच्या फेऱ्याआधी डायमंड प्लेटवर धारेच्या दोन्ही बाजू चार-पाच वेळा ओढतो आणि मग चामड्याच्या पट्टीवर. एवढ्याला अर्धं मिनिटसुद्धा लागत नाही. धार तपासायची तर नख नको, त्याच पाइनचा आडवा छेद घ्या आणि हाताने, लेथशिवाय, एक पातळ ढलपी काढून पाहा. कापलेली जागा मेणासारखी चमकली पाहिजे. पांढरट, खरखरीत दिसली तर धार झालेली नाही. कठीण लाकडाच्या छेदावर ही परीक्षा फसवते, मऊ लाकडावर फसवत नाही.

कापताना धारेचा मधला ते खालचा तिसरा भागच लाकडात असू द्या. वरचं लांब टोक मऊ लाकडात क्षणात रुततं आणि सर्पिल चरा पाडत जातं. वेग वाढवा. इंचातला व्यास गुणिले मिनिटाचे फेरे बरोबर ६००० ते ९००० असा एक जुना ठोकताळा आहे. तुमच्या सव्वादोन-अडीच इंची पायाला तो २५०० ते ४००० सांगतो. जुन्या लाकडाला मी त्यातला खालचा आकडा घेतो, लांब पायाला त्याहूनही कमी, कारण लपलेला दोष कुठे असेल सांगता येत नाही. हात मात्र सावकाश सरकवायचा. वेग लेथचा, घाई हाताची नाही. ढलपी पातळ, लांब फितीसारखी निघून टूल रेस्टवरून (पटाशी टेकवायच्या आडव्या दांडीवरून) ओघळली पाहिजे. भुसा निघत असेल तर तुम्ही कापत नाही, खरवडताय. आवाजही ऐका. नीट चाललेल्या स्क्यूचा आवाज अखंड, रेशमी कापड फाडल्यासारखा येतो. धार बसू लागली की त्यात खर्र खर्र मिसळते, नजरेला काही दिसण्याच्या बरंच आधी.

एक चूक मात्र चांगले कारागीरही करतात. बेव्हल टेकवायचा म्हटलं की तो दाबतात. बेव्हल नुसता टेकला पाहिजे. दाबला तर मऊ पट्टी चेपून पृष्ठभाग तात्पुरता काचेसारखा दिसतो, आणि पॉलिशचा पहिला ओला हात लागताच चेपलेल्या पेशी फुगून वर येतात. खात्री करायची असेल तर कातलेल्या पायावरून ओलं फडकं फिरवा, लाकूड सुकू द्या आणि बोटं फिरवा. वरंबे लागले तर तुम्ही दाबत होतात. न दाबता तल्लख धारेने कापलेला भाग सुकल्यावरही जवळजवळ तसाच राहतो.

दिशा कायम जाडीकडून बारीकीकडे. मणी कातताना माथ्यावरून दोन्ही बाजूंना उतरा, गळा, म्हणजे मण्यांमधला खोलगट भाग, कातताना दोन्ही कडांवरून तळाकडे उतरा आणि तळाशी थांबा, समोरचा चढ चढू नका. मण्यांच्या कडा ढासळण्यामागे दिशेइतकाच आकाराचाही दोष असतो. शिसवासारख्या लाकडात मण्याच्या कडेची १ मिलिमीटरची टोकदार पट्टी उभी राहते. पाइनमध्ये तेवढ्या रुंदीत तंतू फार तोकडे कापले जातात, मग तिला धरून ठेवणार कोण? पट्ट्या निदान ३ मिलिमीटरच्या ठेवा, मणी मोठे व पसरट करा, गळे लांब आणि संथ घ्या. जुन्या पाइनच्या फर्निचरचे पाय जाड आणि साधे दिसतात ते लाकूड ओळखून घडवलेले आहेत. गाठ मण्याच्या माथ्यावर येऊ देऊ नका. आखणी करताना तुकडा वरखाली सरकवून ती सरळ भागात आणा. काळ्या सालीच्या कड्याने वेढलेली गाठ सुटी असते, तिच्या कडेने पातळ सायनोॲक्रिलेट गोंद (सुपरग्लू) आधीच पाजा.

वाडग्याचं गणित वेगळं. तिथे तंतू अक्षाला आडवे असतात, त्यामुळे प्रत्येक फेऱ्यात दोन ठिकाणी धार तंतूंच्या टोकांवर उलटी चालते. नेमक्या त्याच दोन जागी खड्डे पडतात. बाहेरून कापताना बुडाकडून काठाकडे, आतून काठाकडून तळाकडे या. शेवटचा फेरा ४० अंशांचा उतार असलेल्या, नुकत्याच धार लावलेल्या वाडग्याच्या पटाशीने, अर्ध्या मिलिमीटरपेक्षा पातळ. त्याआधी त्या दोन जागांवर पातळ लाख पाजा, १ लिटर स्पिरिटमध्ये १२० ग्रॅमच्या आसपास पत्री लाख. लाखेने मऊ पेशींच्या भिंतींना ताठपणा येतो आणि त्या वाकण्याआधी कापल्या जातात. घाई असेल तर साध्या पाण्याचा फवाराही काम करतो. ओल्या पेशी लवचिक होऊन कमी तुटतात. मात्र मग पेपर मारण्याआधी लाकूड पूर्ण सुकू द्यावं लागतं. पाइनच्या वाडग्याची भिंत फार पातळ करू नका. ८ ते १० मिलिमीटर शोभते आणि टिकते.

पॉलिश पेपरबद्दल. नालीदार पत्रा होतो कारण पेपर मऊ पट्टी भराभर खातो आणि कठीण रेघ जवळजवळ तशीच सोडतो. पेपरमागे बोट किंवा स्पंज असेल तर तो खड्ड्यात शिरून आणखी खातो. म्हणून ८० नंबरच्या जाड दाण्याच्या पेपरने सुरुवात करणं म्हणजे स्वतःच नाली पाडणं. कापलेला पृष्ठभाग चांगला असेल तर १८० किंवा २२० पुरतो. सरळ भागावर पेपर कॉर्कच्या किंवा लाकडाच्या ठोकळ्यावर गुंडाळा, लेथचा वेग निम्मा करा आणि पेपर सतत हलता ठेवा. शेवटी लेथ बंद करून तंतूंच्या दिशेने हलके हात मारा, गोल चरे निघून जातात. पेपरवर पिवळे चकचकीत ठिपके दिसले की ती राळ. तो तुकडा टाका, नवा घ्या. पटाशीवर चिकटलेली राळ टर्पेंटाइनच्या फडक्याने निघते, आणि ती काढायलाच हवी, कारण राळ चढलेला बेव्हल अडखळत सरकतो.

पॉलिशसाठी पहिला हात लाखेचाच द्या. गाठींमधली राळ पुढे वर येऊ नये म्हणून तिच्याइतका सोपा अडसर नाही. शिवाय मऊ पट्टी रंग जास्त पिते आणि कठीण रेघ कमी, त्यामुळे थेट स्टेन, म्हणजे लाकडात मुरणारा रंग, लावला तर पाय डागाळलेला दिसतो. लाखेच्या पातळ हातावर हे बरंच आटोक्यात येतं. मला स्वतःला जुन्या पाइनला स्टेन लावणं पटत नाही. इतक्या वर्षांत त्याला आलेला मधासारखा रंग कोणत्याही डब्यात मिळत नाही. लाख, मग मेण, एवढं पायांना पुरतं. वाडग्यात खायचे पदार्थ ठेवणार असाल तर उकळलेलं म्हणून विकलं जाणारं जवस तेल टाळा, त्यात धातूंचे क्षार असू शकतात. शुद्ध कच्चं जवस तेल वापरा आणि ते पूर्ण सुकायला काही आठवडे द्या. तेलाची फडकी चुरगाळून ठेवू नका, ती आपोआप पेट घेऊ शकतात. पसरून वाळवा.

राहिले ते दोन बिघडलेले पाय. त्यांच्यात लाकूड शिल्लक असणार. लोकर फार तर अर्धा-एक मिलिमीटर खोल असते, नाली तर त्याहूनही उथळ. त्यांना आधी पातळ लाख पाजा, रात्रभर सुकू द्या. स्क्यूला नव्याने धार लावा आणि दोन-तीन अगदी पातळ फेऱ्यांत वरचा थर उतरवा. ढासळलेले मणी वाचवत बसू नका, ते उतरवून त्या जागी लांब संथ गळा घ्या. चारही पाय सारखे दिसायला हवेत, तेव्हा उरलेले दोन पाय या दुरुस्त केलेल्यांच्या मापाने काता. मापाची पट्टी आणि कॅलिपर आधी त्यांच्यावरून लावून घ्या आणि मगच नवा तुकडा चढवा.